मोजून गेलात, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न : दात, तोंड आणि वस्ती

गेल्या अंकात तोंडाच्या आरोग्यातल्या विषमतेबद्दल मी सहज लिहून गेले होते की ठाण्याहून नेरूळला जाणाऱ्या लोकलमध्ये कोण कुठल्या स्टेशनला उतरतं ते बघून त्याच्या तोंडात किती दाढा शिल्लक असतील याचा अंदाज मी बांधू शकते. त्यावर तिघांनी रागावून लिहिलंय, एकाने पैज लावलीय, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारलेत. पैज मी घेत नाही. प्रश्न घेते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अजून पन्नाशीच्याही नाहीत आणि दाढा जवळपास सगळ्या गेल्यात. मी त्यांना चांगला ब्रश आणि पेस्ट आणून दिली. तरी मशेरी लावतातच. दातांची काळजी शेवटी ज्याची त्याने घ्यायची असते ना? यात ‘विषमता’ कुठून आली?
– घोडबंदर रोड, ठाणे

ब्रश आणून दिलात हे चांगलंच केलंत. आता माझ्या घरातलं सांगते. माझ्याकडे लोकमान्यनगरहून मावशी येतात. त्यांचा दिवस मी एकदा त्यांच्याच तोंडून ऐकून कागदावर उतरवला. पहाटे उठून पाणी भरणं. चूळ, मशेरी, चहा. सात वाजता पहिलं घर, तिथे चहा. दुसरं घर, चहा. तिसऱ्या घरी, म्हणजे माझ्याकडे, चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा. दुपारी दोनला चौथं घर आटपून घरी जाऊन जेवण. सकाळपासून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा पोटात, आणि त्यातले तीन कप आम्ही शिकल्यासवरलेल्या बायकांनी मोठ्या मायेने दिलेले. गोड चहाचा प्रत्येक घोट तोंडात गेला की पुढे अर्धा तास तरी दातांवर आम्ल तयार होत राहतं. साखर एकूण किती खाल्ली याइतकंच ती दिवसात किती वेळा तोंडात गेली यालाही महत्त्व असतं. माझ्या आदरातिथ्याचा तो भाग मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसला.

आता मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर फिरवायची. वास अख्ख्या चाळीला कळतो. मावशींना मी विचारलं, का लावता? म्हणाल्या, “भूक मरते अन् दाढ गप बसते.” दोन्ही खरं आहे, निकोटीन ती दोन्ही कामं करतं. दाढ दुखते म्हणून मशेरी आणि मशेरीने हिरड्या सुटतात म्हणून दाढ हलते, असं हे रहाटगाडगं आहे. त्यात पेस्ट आणि ब्रश आला की तो मशेरीच्या जागी येत नाही, मशेरीच्या शेजारी येऊन उभा राहतो. दात घासण्याच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. तव्यावरच्या तंबाखूला कोण बंदी घालणार?

आणि हे फक्त तुमच्या-माझ्या मावशींचं नाही. १९९१ पासून पुढची काही वर्षं मुंबईत पस्तिशीच्या वरच्या सुमारे दीड लाख लोकांची घरोघर जाऊन पाहणी झाली. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी ती केली. नवी मुंबईत पुढे त्यांनीच हीलिस ही सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाची संस्था उभी केली. त्या पाहणीत निम्म्याहून अधिक बायका तंबाखू वापरत होत्या. ओढणारी त्यात क्वचितच, बहुतेकींची तोंडात ठेवायची किंवा लावायची, आणि त्यात मशेरी सगळ्यात पुढे. याच पाहणीतली एक गोष्ट मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगायचे. नावं मतदारयाद्यांवरून घेतली होती, पण उच्च मध्यमवर्गीय आणि श्रीमंतांच्या इमारती वगळाव्या लागल्या. का? सुरक्षेच्या बंदोबस्तामुळे तिथे आतच जाता येत नव्हतं. गरिबाचं तोंड संशोधकाला चटकन उघडून मिळतं, कारण त्याच्या दाराला वॉचमन नसतो.

विषमता कुठून आली, हे हवं असेल तर हार्बर लोकलचा नकाशा घ्या. नेरूळ ते मानसरोवर या पाच स्टेशनांच्या पट्ट्यात पाच दंत महाविद्यालयं आहेत : नेरूळला दोन, बेलापूरला एक, खारघरला एक, कामोठ्याला एक. इतक्या खुर्च्या इतक्या जवळ देशात फार ठिकाणी नसतील. आणि तिथून रिक्षाच्या अंतरावर अशी माणसं राहतात ज्यांनी दाताचा डॉक्टर फक्त दात काढायला पाहिलाय. वेल्समधल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये हे सूत्र मांडलं होतं : जिथे उपचाराची गरज जास्त तिथे तो कमी मिळतो. त्याने ते वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात बसून लिहिलं. आमच्याकडेही डोंगराला खाणीच आहेत, फक्त दगडाच्या.

महाविद्यालयात उपचार स्वस्त असतात हे खरं. पण ओपीडी सकाळची. म्हणजे चार घरी खाडा. दाढ भरायला दोन खेपा, रूट कॅनलला चार. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर पुढचा ब्रश आणू नका. महिन्यातून एक सकाळ पगार न कापता सुट्टी द्या, आणि ती दातांसाठी आहे हे बाकीच्या तीन घरांनाही फोन करून सांगा. तो फोन मी केला होता. त्यातल्या एका घरच्या बाईंनी मला “तुम्ही आमची बाई बिघडवताय” असं ऐकवलं, तेही तुम्हाला सांगून ठेवते.

मॅडम, मी सार्वजनिक दंतआरोग्य या विषयात एमडीएस करतेय. प्रबंधासाठी तुर्भ्याच्या बाजूच्या खाण वस्तीतल्या दातांची पाहणी करायची आहे. सर म्हणतात, किडीचा निर्देशांक काढ, तक्ता कर, संपलं. मला ‘लोकसहभागातून संशोधन’ करायचंय. ते नक्की कसं करतात?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी दुसऱ्या पत्रांना हात लावला नाही.

तुझ्या वयाची असताना मीही एका खाण वस्तीत गेले होते. क्रशरची पांढरी धूळ, पत्र्याच्या खोल्या, नांदेड-लातूरकडून आलेली माणसं. हातात आरसा, प्रोब आणि क्लिपबोर्ड. रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना ओळीत बसवून तोंडं तपासली. प्रबंध झाला, पदवी मिळाली, लग्न झालं, नोकरी लागली. अकरा वर्षांनी विद्यार्थ्यांना घेऊन त्याच वस्तीत गेले. एक बाई तोंड उघडायलाच तयार होईना. म्हणाली, “मागं एक पोरगी आलती. आरसा घालून बघितलं, तुमची दाढ किडलीय म्हणाली अन् लिहून घेतलं. लिहून घेतलं अन् गेली. ती दाढ आता न्हाई.” तिने गाल ओढून ती जागाही दाखवली.

ती पोरगी मीच होते. त्या दिवशी हे मी तिला सांगितलं नाही, विद्यार्थी बरोबर होते. आज इथे सांगतेय.

तर निर्देशांक काढ. सरांशी भांडू नकोस, तो लागतोच. पण तो काय लपवतो ते बघ. किडलेले, किडीपायी काढलेले आणि भरलेले दात मोजून बेरीज करायची ही रीत १९३८ पासूनची, अमेरिकेतल्या शाळकरी पोरांवर बसवलेली. आता पाम बीच रोडवरच्या श्रीमंत घरातल्या एका बाईची बेरीज सहा आली आणि खाणीवरच्या बाईचीही सहाच. तक्त्यात दोघी सारख्या. पण पहिलीचे सहाही दात भरलेले, ती त्यांनी चणे खाते. दुसरीचे तीन काढलेले आणि तीन सडके. बेरीज लिहू नकोस, तीन आकडे वेगळे लिही. सगळी विषमता त्या तीन रकान्यांत असते. मुलं तपासणार असशील तर न भरलेल्या किडीतून पू, गळू, उघडी पडलेली नस मोजणारा निर्देशांकही वापर. तो फिलिपीन्समध्ये काम करणाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला, कारण जुन्या बेरजेत पोरांच्या वेदनेला जागाच नव्हती.

लोकसहभाग म्हणजे सरपंचाकडून नारळ फोडून घेणं नव्हे, हे तुला माहीत असेलच. माझ्या मते त्याची खरी परीक्षा एकच : तिथल्या माणसांच्या सांगण्यावरून तुझा मूळ प्रश्न बदलला का? दुसऱ्या खेपेला आम्ही आरसे पिशवीतच ठेवले. बायकांना खडू दिले आणि ओट्यावर वस्तीचा नकाशा काढायला सांगितला. टँकर कुठे उभा राहतो, दुकान कुठे, दाढ दुखली की तुम्ही कुठे जाता. माझ्या डोक्यात उत्तर होतं ‘पालिकेचा दवाखाना’. सगळ्या खडूरेषा गेल्या मेडिकलच्या दुकानाकडे. तो दोन गोळ्या देतो, एक दुखण्याची आणि एक सुजेची, सुटी, कात्रीने कापून. तीन दिवस दाढ थांबते. आणि दुखायचं केव्हा? रात्री. दिवसा क्रशरच्या आवाजात आणि कामाच्या नादात कळत नाही, पाठ टेकली की ठणका लागतो. त्या संध्याकाळी आमचा प्रश्न ‘किती दात किडलेत’ हा राहिलाच नाही. ‘ठणक्याच्या रात्री माणूस काय करतो आणि त्यात किती पैसे जातात’ हा झाला. तो आम्हाला सुचला नव्हता, खडू धरणाऱ्यांना सुचला.

दुसरी गोष्ट पाण्याची. टँकर यायची वेळ आणि दात घासायची वेळ एकच होती. त्यात ब्रशचं महत्त्व सांगणारं आमचं पोस्टर! एका आजीने ते घडी करून चुलीशी ठेवलं. कागद जाड होता, जाळ धरायला बरा.

करायच्या बारीक गोष्टी सांगते, तुझ्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, बसव. वस्तीतल्या दोघी-तिघींना पाहणीच्या कामावर घे आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी दे. फुकट ‘स्वयंसेविका’ करू नकोस, तुझं विद्यावेतन तू सोडतेस का? संमतीपत्र वाचून दाखव, आणि अंगठा उठवण्याआधी तिच्याकडून तिच्या शब्दांत वदवून घे. तपासल्यावर हातात चिठ्ठी दे : कुठला दात, काय झालंय, कुठे जायचं, कुठल्या वारी, कुणाला भेटायचं. त्या वारी महाविद्यालयात तू स्वतः उभी राहा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांत संशोधनाचा लाभ त्या समाजाला मिळावा असं लिहिलेलंच आहे. एथिक्स कमिटीपुढे ते वाक्य वाचून दाखव, कुणी अडवणार नाही.

आणि शेवटची बैठक. आकडे हातात आल्यावर ते आधी वस्तीत सांग, परिषदेत नंतर. मी सांगितले तेव्हा एकाने विचारलं, “आमचे इतके खराब, मग तुमच्या कॉलनीतल्यांचे किती?” माझ्याकडे ते उत्तर नव्हतं, कारण कॉलनीतली तोंडं मी तपासलीच नव्हती. तू तपास. तुलना नसेल तर तो विषमतेचा अभ्यास होत नाही, गरिबांच्या दातांची यादी होते. वॉचमन अडवेल. अडवू दे, तेही प्रबंधात लिही.

मी आशा कार्यकर्ती आहे. वस्तीत तंबाखू, गुटखा सगळं चालतं. आम्हाला तोंड बघून काही कळेल का? की ते डॉक्टरांचंच काम? उगाच कुणाला घाबरवायला नको वाटतं.
– दिघा

ताई, कळेल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हाच प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, उजेडात, नुसत्या डोळ्यांनी तोंडं पाहिली. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. मशीन नाही, सुई नाही. दाराबाहेरचा उजेड आणि शिकवलेला डोळा. आपल्या देशातून जगाला गेलेल्या कामांपैकी हे एक अतिशय स्वस्त आणि अतिशय दुर्लक्षित काम आहे, असं माझं मत.

तुमच्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे घरोघर आजारांचा धोका विचारायचा तो तिशीच्या वरच्यांचा फॉर्म, तोंडाबद्दलचे प्रश्न आहेतच. ते नुसते विचारून ‘नाही’वर टिक करू नका. माणसाला दारात उजेडाकडे तोंड करून बसवा, चूळ भरायला लावा, तंबाखू ठेवायची जागा त्यालाच विचारा आणि तिथून सुरुवात करा. गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ. आणि तीन बोटांची खूण : त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जातात का? सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांचं तोंड आधी तिखट लागून चुरचुरतं, मग आखडत जातं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन टपरीवरच एकत्र करतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

घाबरवायचं कसं नाही? ‘कॅन्सर’ हा शब्द तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. ‘हा चट्टा डॉक्टरांना दाखवायचा आहे, मी बरोबर येते’ एवढंच. आणि खरंच बरोबर जा. एकट्याला पाठवलेला माणूस स्टेशनपर्यंत जातो आणि परत येतो. यासाठी तुम्हाला वेगळे पैसे मिळत नाहीत याची मला जाणीव आहे. ते मिळायला हवेत, हे मी बैठकांत बोलत असते.

माझी मुलगी पाच वर्षांची. शाळेतल्या तपासणीत ‘दात किडलेले’ असं लिहून चिठ्ठी दिली. खासगी डॉक्टरांनी चार दाढांचं रूट कॅनल आणि कॅप सांगितली. मिस्टरांचा दीड महिन्याचा पगार जाईल. दुधाचे दात पडणारच आहेत, मग सोडून दिले तर?
– कळवा

सोडू नका. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. पाच-सात वर्षं पोरीने एका बाजूने जेवायचं, रात्री उठून रडायचं, हे कशाला? पण चारही दाढांना रूट कॅनलच हवं असंही नाही. नस उघडी पडली असेल, गळू असेल, सूज असेल, तर हवं किंवा दाढ काढावी लागेल. नस शाबूत असेल तर आणखी दोन वाटा आहेत आणि त्या तुम्हाला आपणहून फार कुणी सांगत नाही.

एक, चांदी आणि फ्लोराइडचं द्रावण. नाव लिहून ठेवा : सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. भूल नाही, ड्रिल नाही, ब्रशने एक थेंब किडीवर लावायचा, सहा महिन्यांनी पुन्हा. कीड बहुतेक वेळा थांबते. तोटा एकच, किडलेली जागा कोळशासारखी काळी होते आणि काळीच राहते. पुढच्या दातांना आया नको म्हणतात, मागच्या दाढेला कोण बघतंय? दुसरी वाट म्हणजे हातातल्या अवजारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरणं. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात बसवली गेली, कारण तिथल्या दवाखान्यांत ड्रिल चालवायला विजेचा भरवसा नव्हता. पुढे कळलं की भेदरलेल्या लेकरांना ती सगळीकडेच बरी. हे द्रावण, हे सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट, तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत.

शाळेची चिठ्ठी फेकू नका. ती बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असेल. त्या तपासणीत दातांची कीड येते आणि तिच्या आधारावर सरकारी रुग्णालयात पुढे पाठवणं हे त्यांचं काम आहे. चिठ्ठी घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या किंवा दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात जा. ‘नस गेलीय का, आणि गेली नसेल तर हे द्रावण लावता येईल का’ असं नाव घेऊन विचारा. नाव घेऊन विचारणाऱ्या आईला उत्तर द्यावं लागतं. रात्री दूध पिऊन झोपत असेल तर ते आजपासून बंद, किंवा दुधानंतर पाणी आणि मग झोप. दहा रुपयांच्या खाऊच्या पुड्या रोज नकोत. रोजच्या दोन तुम्ही रविवारी एक करू शकलात तरी मला चालेल.

आपण कायम अमेरिका-युरोपचे दाखले देतो. आपल्यासारख्याच कमाईच्या देशांत कुणी हे काम नीट केलं आहे का?
– निवृत्त बँक कर्मचारी, कोपरी

प्रश्न आवडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे तोंडाचे आजार असलेली माणसं जगात सुमारे साडेतीन अब्ज, आणि दर चारांतली तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत. कारण सरळ आहे. पैसा थोडा यायला लागला की साखर आधी पोहोचते. बिस्किट, थंड पेय, पुडी अगदी शेवटच्या पाड्यावर जाते. दाताची खुर्ची मात्र मॉलपाशीच थांबते. चणे आले तेव्हा दात होते, दाताचा डॉक्टर येईपर्यंत ते गेले, असा आमच्या म्हणीचा नवा पाठ.

ब्राझीलने २००४ मध्ये ‘हसरा ब्राझील’ अशा अर्थाच्या नावाने राष्ट्रीय धोरण आणलं. वस्तीतल्या सरकारी आरोग्य पथकांतच दाताचा डॉक्टर आणि त्याचे सहायक बसवले. बारा वर्षांच्या मुलांतला किडीचा सरासरी आकडा (किडलेले, काढलेले, भरलेले दात मिळून) २००३ मध्ये २.८ होता, तो २०१० मध्ये २.१ वर आला. मात्र उत्तरेकडच्या गरीब भागातला आकडा श्रीमंत आग्नेयेपेक्षा वरच राहिला, तेव्हा एकट्या सरासरीवर खूश होऊ नका. २०२३ मध्ये त्यांनी हे धोरण कायद्यातच घालून टाकलं, म्हणजे सरकार बदललं की गुंडाळायला नको. थायलंडने २००२ पासून सर्वांच्या आरोग्य योजनेत दात भरणं, काढणं, कवळी हे घेतलं. आपल्याकडे जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन योजनेत बसतं, चार दाढा भरणं बसत नाही, हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही.

फिलिपीन्सचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २००६ च्या त्यांच्या पाहणीत सहा वर्षांच्या दर शंभर मुलांमागे सत्त्याण्णव मुलांचे दात किडलेले निघाले. इतक्या मुलांना खुर्च्या कुठून आणणार? त्यांनी शाळेच्या पटांगणात लांब नळ बसवले आणि रोज सगळ्या वर्गाने एकत्र हात धुवायचे, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे, असं सुरू केलं. वर्षातून दोनदा जंताची गोळी. डॉक्टर नाही, वर्गाच्या बाईच उभ्या राहतात. आपल्या शाळांत खिचडी रोज शिजते, तिच्यानंतर पाच मिनिटं काढायला काय हरकत आहे? मी एका शाळेत सुचवलं तर मुख्याध्यापक म्हणाले, “नळाला पाणी कुठंय, मॅडम?” म्हणजे गाडी पुन्हा टँकरपाशी.

कडुनिंबाच्या काडीने दात घासले तर चालतं का?
– येऊर

चालतं. काडी चावून मऊ करा, हिरडीला ओरबाडू नका. पण काडीत फ्लोराइड नसतं, ते दातांना हवं. रात्री झोपताना फ्लोराइडची साधी पेस्ट वापरा. पुड्यावर १००० पीपीएम असं छापलेलं बघा, महाग ब्रँडची गरज नाही. जाडं मीठ आणि वीटेची भुकटी नको, त्याने दात झिजतात. येऊरला अजून चांगला कडुनिंब आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या नौपाड्यातला गेल्या पावसाळ्यात पडला.

जाता जाता : तोंडाचे फोटो पाठवणाऱ्या चौघांसाठी. मोबाईलच्या फोटोवरून मी काहीही सांगणार नाही, कृपया पाठवू नका. फक्त त्यातल्या एकाने, ज्यांनी डाव्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पाठवलाय आणि “तीन महिने झाले, दुखत नाही” असं लिहिलंय, त्यांनी हा अंक हातात आल्या दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन तो दाखवावा. दुखत नाही म्हणून थांबू नये. खाडा पडला तरी.